तुमच्या चिठ्ठीत तारीख असते

आदरणीय डॉक्टर,

मल्टिपल स्क्लेरोसिसचा (एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंचं आवरण खराब करणारा आजार) पेशंट तुमच्या दवाखान्यातून आमच्या न्यूरॉलॉजी ओपीडीत येतो तेव्हा त्याच्या हातात चिठ्ठी असते. त्रास कोणत्या तारखेला सुरू झाला, सलग किती तास टिकला, ताप होता का, लघवीच्या तपासणीत काय आलं, सगळं तिच्यात असतं. आम्ही इथल्या नर्स आणि फिजिओथेरपिस्ट या चिठ्ठ्यांसाठी तुमचे जाहीर आभार मानतो.

पाय जड झाले की घरची माणसं ‘अटॅक आला’ म्हणत धावत येतात. पण रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा झटका, म्हणायचं तर त्रास 24 तासांहून जास्त टिकायला हवा, आधीचा रिलॅप्स सुरू झाल्याला निदान 30 दिवस झालेले हवेत, आणि ताप किंवा इन्फेक्शन नको. विदर्भातल्या मे महिन्यात तर नुसत्या उन्हानंही जुनी लक्षणं डोकं वर काढतात. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजलेलं असलं, की अंगाचं तापमान अर्ध्या अंशानं वाढलं तरी संदेश वाटेत अडतो. ओल्या फडक्यानं अंग पुसून पेशंटला पंख्याखाली बसवलं की बरेचदा तासाभरात फरक पडतो. तुम्ही आधी हे करून पाहता, मगच पुढचं ठरवता.

आणि लघवी तपासल्याशिवाय स्टेरॉइड देत नाही. रिलॅप्ससाठी मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज 500 मिलिग्रॅम, पाच दिवस, हा कोर्स अंगात इन्फेक्शन असताना सुरू झाला तर जंतूंना मोकळं रान मिळतं. या पेशंटची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे जळजळ नाही म्हणजे इन्फेक्शन नाही असं धरून चालत नाही. कल्चरचा, म्हणजे लघवीत कोणते जंतू आहेत ते पाहण्याच्या तपासणीचा, नमुना तुम्ही अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी घेता, त्यामुळे रिपोर्टवर भरवसा ठेवता येतो. लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत मूत्राशयात 100 मिलिलिटरहून जास्त उरली असेल, तर तो आकडा तुम्ही ठळक लिहिता. वारंवार लघवी होते म्हणून अशा पेशंटला मूत्राशय सैल करणारं ऑक्सिब्युटिनिन दिलं, तर तुंबणं आणखी वाढतं. त्याला आम्ही स्वतः कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालायला शिकवतो.

स्नायूंचा ताठरपणा वाढला तर तो कमी करणारं बॅक्लोफेन वाढवण्याआधी तुम्ही चप्पल काढायला लावून नखं पाहता, पाठीवर जखम आहे का बघता, पोट साफ होतं का विचारता. आत गेलेलं एक नख अख्खा पाय ताठ करू शकतं. हे बघणारे डॉक्टर फार थोडे. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी या, असंही तुम्ही बजावता. बॅक्लोफेन एकदम बंद झालं तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात.

थकवा म्हणजे एमएसचाच, असं गृहीत न धरता हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच आणि बी12 तपासता, झोप आणि मन कसं आहे ते वेगळं विचारता. त्यासाठीही आभार.

एक विनंती मात्र आहे. रिटुक्सिमॅब (बी पेशी कमी करणारं, सलाइनमधून द्यायचं औषध) ठरलेल्या पेशंटचा हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट पहिल्याच चिठ्ठीसोबत पाठवावा. त्याच्या फ्लू आणि न्यूमोकोकलच्या लसी पहिल्या सलाइनच्या निदान चार आठवडे आधी टोचून घ्याव्यात. नंतर अँटिबॉडी बनवायला लागणाऱ्या बी पेशीच उरत नाहीत, मग लस फारशी लागू पडत नाही.

आपले,
न्यूरॉलॉजी ओपीडीतील नर्स आणि फिजिओथेरपिस्ट