दुभाजकात तरवड का नको?

संपादक महोदय,

बेळगाव जिल्हा एकच, पण खानापूरला धो धो पाऊस आणि अथणीला कोरडं आभाळ. रस्त्याकडेची रोपं मात्र दोन्हीकडे एकाच यादीतली. आमच्याकडे दुभाजकात लॉन आणि शोभेची नाजूक झुडपं लावली. मार्चपासून टँकर, एप्रिलअखेर नुसत्या काड्या. त्याच रस्त्याकडेच्या मुरमात कुणी न लावलेला तरवड पिवळ्याधमक फुलांनी लगडलेला असतो. गुरंही त्याला सहसा तोंड लावत नाहीत.

सावलीला कडुनिंब, करंज आहेत. शोभाच हवी तर बहावा ऐन उन्हात फुलतो. कुंपणाला करवंद, निरगुडी. कोनोकार्पस या परदेशी झाडाची हिरवी भिंत दिसायला झकास, पण नकोच; गुजरातने २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली.

देशी झाड म्हणजे पाणीच नको, असंही नाही. मृगात लावून, आळ्यात पालापाचोळा घालून पहिले दोन उन्हाळे जपावं लागतं. मुळं खोल गेली की टँकर सुटतो. तेव्हा यंदाच्या निविदेत तरवड, करंज घालावेत आणि त्या दोन उन्हाळ्यांच्या पाण्याची तरतूदही त्यातच करावी.

– एक वाचक, अथणी (जि. बेळगाव)