ब्रुख म्हणजे फक्त तो एक कॉन्चेर्टो नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत एकाच रचनेमुळे लक्षात राहिलेल्या पाश्चात्त्य संगीतकारांवरचा लेख वाचला, चांगलाय, पण मॅक्स ब्रुख या जर्मन संगीतकाराला एका ओळीत उरकलंय आणि वर 'बाकी फारसं काही नाही' असंही म्हटलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

त्याचा जी मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टो (म्हणजे व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) जगभर वाजतो, बरोबर आहे, त्यातली मधली संथ मूव्हमेंट, म्हणजे मधला भाग, एकदा ऐकली की माणूस विसरत नाही. १८६६ मध्ये तो पहिल्यांदा वाजला तेव्हा ब्रुख तिशीतही नव्हता, मग योआखिमसारख्या बड्या व्हायोलिनवादकाचा सल्ला घेऊन त्याने तो पुन्हा लिहिला आणि १८६८ ला ब्रेमेनमध्ये योआखिमनेच वाजवला. पण सगळे हक्क पब्लिशरला एकरकमी विकून टाकलेले, त्यामुळे गाजला तरी रॉयल्टी शून्य! पुढे त्याने अजून दोन व्हायोलिन कॉन्चेर्टो लिहिले तरी लोकांना हवा पहिलाच, याचा त्याला मनापासून राग यायचा आणि मला तरी तो राग पटतो.

सगळ्यात वाईट वाटतं ते शेवटचं. पहिल्या महायुद्धानंतर म्हातारपणी पैशाची चणचण, म्हणून त्याच कॉन्चेर्टोचं स्वतःच्या हातचं हस्तलिखित त्याने अमेरिकेतल्या पियानोवादक सुत्रो बहिणींकडे विकायला दिलं, १९२० मध्ये तो गेला, आणि घरच्यांच्या हाती काय आलं तर जर्मनीतल्या कवडीमोल नोटा. हस्तलिखित आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे.

आणि 'बाकी काही नाही' कसं? तीन सिम्फनी (पूर्ण ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचना) आहेत, 'स्कॉटिश फँटसी' आहे, चेलोसाठी 'कोल निद्रे' आहे, ज्यू प्रार्थनेच्या सुरावटीवर. ब्रुख स्वतः प्रोटेस्टंट, तरी या रचनेमुळे नाझींनी त्याला ज्यू समजून त्याचं संगीत बंद पाडलं, म्हणजे जर्मनीत तो विसरला जायला हेही कारण आहेच, नुसता लोकांचा कंटाळा नाही. शिवाय बर्लिनला वर्षानुवर्षं शिकवलं, इंग्लिश संगीतकार व्हॉन विल्यम्स त्याचा विद्यार्थी.

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती त्याची ओपस ८३ (म्हणजे ८३ क्रमांकाची रचना), क्लॅरिनेट, व्हायोला आणि पियानोसाठीचे आठ तुकडे, क्लॅरिनेट वाजवणाऱ्या स्वतःच्या मुलासाठी सत्तरी ओलांडल्यावर लिहिलेले. इतकं मऊ, उदास आणि तरी कुठेही रडकं न होणारं संगीत फार कमी ऐकलंय. आपल्याकडे कार्यक्रम ठरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की मोठा ऑर्केस्ट्रा परवडत नसेल तर हे घ्या, तीनच वादक लागतात, पुण्यातल्या छोट्या हॉलमध्येही आरामात होईल. आणि पुरवणीत ब्रुखवर एक पूर्ण लेख छापाच, प्लीज.

आपला,
एक वाचक, पुणे