रात्रीचं रडणं थांबतं, दुपारचं काय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

धायरीतल्या आमच्या सोसायटीत गेल्या दोन महिन्यांत दोन घरांत कुत्र्याची पिल्लं आली. तिसऱ्या घरात मुलाची परीक्षा संपली की येणार आहे. तिन्ही घरची माणसं माझ्याकडे येऊन गेली, कारण आमची बुंदी आता अकरा महिन्यांची आहे आणि ती तिच्या पिंजऱ्यात शांत झोपते हे सगळ्यांनी पाहिलंय. तिघांचा प्रश्न एकच, "रात्री रडतात म्हणे, काय करायचं?" दुपारचं एकानेही विचारलं नाही. आणि तिन्ही घरांना सकाळी साडेनऊला कुलूप लागतं ते संध्याकाळी सहानंतर उघडतं. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

मी एका सहकारी बँकेत काउंटरवर काम करते. मिस्टर चाकणला शिफ्टमध्ये, मुलगी कॉलेजात. बुंदी गावठी आहे, तांबूस अंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका बांधकामाच्या जागेवर पावसात भिजत बसली होती, मुलीने तिला ओढणीत गुंडाळून आणलं. डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, दोन महिन्यांची असेल.

पिंजरा घ्यायला गेलो त्या दुकानात आम्हाला सांगितलं, "मोठाच घ्या, कायमचा होईल. आत घालून दार लावा. आठ तास आरामात राहतं." ओळखीतल्या एका ट्रेनरने भर घातली, "रडू द्या, तीन दिवसांत गप्प होतं." आम्ही दोघांचंही ऐकलं. पहिल्या रात्री पिंजरा गॅलरीत ठेवला, नवीन गादी घातली आणि दार लावून आत येऊन झोपलो. बाहेर पाऊस, वर विजा. ती रडत होती, मग केकाटायला लागली, मग पहाटे कधीतरी आवाज बसला. आम्हाला वाटलं, झोपली. सकाळी बघितलं तर तोंडाच्या टोकाची कातडी तारांवर घासून निघाली होती, लालभडक. गादी मुतून भिजलेली आणि ती त्या ओल्या गादीपासून लांब, पत्र्याच्या ट्रेच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. मला बघून शेपटी हलवली. त्या हललेल्या शेपटीचं मला आजही वाईट वाटतं.

त्या दिवशी मी रजा टाकली आणि डॉक्टरांकडे तासभर बसून सगळं नव्याने समजून घेतलं. पिल्लू आईच्या आणि भावंडांच्या उबेत झोपलेलं असतं. त्याला एकदम एकटं, अंधारात, माणसांच्या वासापासून लांब ठेवलं तर ते हट्टाने रडत नाही, घाबरून रडतं. आणि पिल्लाला लघवी धरता येते ती किती? ढोबळ हिशेब असा की जितके महिन्यांचं पिल्लू, त्यात एक मिळवायचा, तितके तास. म्हणजे दोन महिन्यांचं असेल तर फार तर तीन, आणि ते जमेल तेव्हा. जागेपणी तर त्याहून कमीच. झोपून उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की लगेच. आठ तास हा आकडा दुकानदाराने कुठून आणला कोण जाणे. दोन महिन्यांच्या जिवाला आठ तास कोंडणं म्हणजे त्याला स्वतःच्या घाणीत बसायला भाग पाडणं. एकदा त्याची सवय झाली की शू-शी ठरल्या जागी करायला शिकवायचा पिंजऱ्याचा सगळा उपयोगच संपतो, कारण कुत्रं झोपायची जागा घाण करत नाही, या त्याच्या उपजत स्वभावावरच तर सगळं अवलंबून आहे.

मग पिंजरा आमच्या पलंगाला लागून आला. तो मोठा होता, म्हणून मध्ये जाळीचा पडदा टाकून आतली जागा कमी केली. पिल्लाला ताठ उभं राहता यावं, गोल वळता यावं, पाय पसरून झोपता यावं, एवढीच जागा. नवी गादी काढून सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची गोधडी घातली आणि तिच्यात माझा घातलेला, न धुतलेला गाउन. तीन बाजूंनी चादर, वारा यायला समोरची बाजू मोकळी. गळ्यातला पट्टा काढायचा, कारण तो तारेत अडकला तर फास बसू शकतो. दुकानात हे कोणी सांगत नाही.

दार पहिले चार दिवस लावलंच नाही. दोन्ही वेळचं खाणं आत ठेवायचं. येता-जाता उकडलेल्या अंड्याचा तुकडा आत टाकायचा आणि "घरात" म्हणायचं, बस. तिसऱ्या दिवशी ती आपणहून आत गेली, दोनदा गोल फिरली आणि गोधडीवर अंग टाकून मोठ्ठा सुस्कारा सोडला. मग खाताना दार लोटायचं, खाऊन झालं की उघडायचं. मग खाल्ल्यावर दोन मिनिटं, पाच मिनिटं, मी समोरच बसून भाजी निवडतेय तेवढी. आणि एक नियम आम्ही घरात अगदी कडक पाळला. ती चुकली, चप्पल फाडली, सोफ्यावर मुतली, तरी शिक्षा म्हणून तिला पिंजऱ्यात घालायचं नाही. कधीच नाही.

रात्री दोन गजर लावायचो, एक वाजता आणि चार वाजता. रडून उठवण्याआधी आपणच उठायचं. दिवा लावायचा नाही, लाडाने बोलायचं नाही. उचलून गॅलरीत न्यायचं. तिथे नर्सरीतून आणलेला लॉनचा तुकडा एका मोठ्या ट्रेमध्ये ठेवला होता. लसींचे डोस पूर्ण व्हायचे असताना भटकी कुत्री फिरतात त्या जमिनीवर पिल्लाला सोडू नये, पार्वोसारखा आजार तिथूनच येतो. तर ट्रेवर ठेवायचं, "शू कर" म्हणून गप्प उभं राहायचं, झाली की मान खाजवायची आणि परत आत. मधेच कुंई-कुंई झाली तर मी पलंगावरून हात खाली सोडून तारांमधून एक बोट आत द्यायची. ती त्या बोटाला नाक लावून झोपायची. दहाव्या रात्री एकचा गजर बंद केला. ऑगस्टअखेर चारचाही.

रात्रीचं इतकंच आहे हो. रात्री आपण शेजारी असतो, घर शांत असतं, पिल्लाच्या डोळ्यांवरही झोप असते. महिना-दोन महिने झोपमोड होते आणि संपतं. दिवसाचं तसं संपत नाही. सकाळी पिल्लू ताजंतवानं असतं आणि नेमकी तेव्हाच आपण दाराला कुलूप लावतो.

आमचा दिवस कसा बसवला ते सांगते, कारण ते बसवल्याशिवाय पिल्लू ठेवायचा आम्हाला हक्कच नव्हता. पहिले दहा दिवस मिस्टरांनी आणि मुलीने आलटून-पालटून सुट्टी काढली. मग साडेनऊला शू करवून, खेळवून दमवून आत. साडेअकराला पोळ्या करायला येणाऱ्या मावशी. त्यांना मी सरळ विचारलं, पिल्लाला बाहेर काढून शू करवाल का, अर्धा तास तुमच्यासोबत स्वयंपाकघरात राहू द्याल का? महिन्याला हजार रुपये जास्त द्यायचे ठरले. (पहिल्या दिवशी त्या घाबरत होत्या, आता बुंदीला त्यांचीच हाक सगळ्यांत आधी ऐकू येते.) दुपारी दीडला माझी जेवणाची सुट्टी. बँक स्कूटरवर दहा मिनिटांवर आहे, तेव्हा मी घरी. तिला बाहेर काढून, खायला घालून, परत आत जाताना रबरी खेळण्यात भरून फ्रीझरमध्ये गोठवलेलं दही. ते चाटत चाटत झोप लागते. चारला मुलगी यायची. म्हणजे सलग अडीच तासांच्या वर बुंदी आत राहिलीच नाही. लहान पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतं, त्यामुळे दोन-दोन तासांचा हा निजेचा वेळ त्याला सोसतो.

पहिल्या आठवड्यात मी जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवायची. दार बंद झाल्यावर पाच-सात मिनिटं कुरकुर, मग शांत, हे ठीक. पण लाळ गळणं, सतत धापा टाकणं, तारा चावणं, नखांनी ट्रे खरवडणं असेल तर ती भीती आहे. तिथे "सवय होईल" म्हणून चालत नाही. काही कुत्र्यांना बंद दार सोसतच नाही. त्यांच्यासाठी स्वयंपाकघराच्या दाराला आडवी फळी किंवा जाळीचं मोकळं कुंपण बरं. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गॅलरीत, उन्हाच्या कडेला पिंजरा ठेवणं जिवावर बेतू शकतं. घरात, पंख्याखाली, पाण्याचं भांडं आत अडकवून ठेवावा.

प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६०चा कायदा आपल्याकडे आहे. त्याच्या ११व्या कलमात, प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा म्हटला आहे. कायमचं कोंडून किंवा बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून व्यायाम न देणं हाही. माझा मावसभाऊ स्वीडनला असतो. तिथे घरात कुत्र्याला बंद पिंजऱ्यात ठेवायला मुळात परवानगीच नाही. त्याने बुंदीचा फोटो बघून मला खडसावलं होतं. मी त्याच्याशी पूर्ण सहमत नाही. उघड्या दाराचा, ओळखीच्या वासाचा पिंजरा हे बुंदीचं बिळच आहे, दिवाळीत फटाके वाजायला लागले तेव्हा ती धावत जाऊन तिथेच बसली. पण कुलूप लावून दिवसभर बाहेर जाणाऱ्याच्या हातात तोच पिंजरा काय होतो, हे मी त्या पहिल्या सकाळी पाहिलंय, म्हणून त्याचा राग मला कळतो.

शेजाऱ्यांबद्दलही लिहायला हवं. पहिल्या रात्रीनंतर खालच्या मजल्यावरचे काका तक्रार घेऊन आले, आणि त्यांचं बरोबरच होतं, त्यांच्या घरात आजारी माणूस होतं. सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, असं पशू कल्याण मंडळाच्या सूचनांत आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी ते काढलं नाही. वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरी जाऊन सांगितलं की पंधरा दिवस सांभाळून घ्या, रात्री आम्ही उठतोय. सगळ्यांनी सांभाळून घेतलं.

आत्ता हे लिहायचं कारण म्हणजे सुट्ट्या. परीक्षा संपल्या की मुलांच्या हट्टासाठी पिल्लं घरात येतात. मेमध्ये घर भरलेलं असतं, पिल्लू मांडीवरून खाली उतरत नाही. जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात आणि त्याच पिल्लाला एका सोमवारी सकाळी पिंजऱ्यात घालून सगळे निघून जातात. त्याच्या दृष्टीने घरच नाहीसं होतं. तेव्हा सुट्टीत पिल्लू आणणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की मेमध्येच रोज थोडा वेळ घराबाहेर जा, पाच मिनिटांपासून सुरुवात करा. आणि आणण्याआधी दुपारचा माणूस ठरवा. आजी असेल, शेजारी असेल, पगार देऊन ठेवलेलं कोणी असेल. तो मिळत नसेल तर वर्षभर थांबा, किंवा शांत स्वभावाचं मोठं कुत्रं दत्तक घ्या. त्यालाही दुपारी कोणीतरी लागतंच, पण दर दोन तासांनी नाही.

तिसऱ्या घरातल्या ताई काल रात्री पुन्हा आल्या होत्या. पोळ्यांच्या मावशींना विचारून आल्या. त्या अकराला येऊ शकतात, चारला मुलगा येतो, मधली दीड-दोनची वेळ तेवढी रिकामी राहते. त्या वेळेला मी अजूनही बुंदीसाठी घरी येतेच. किल्ली माझ्याकडे ठेवा, असं त्यांना सांगितलंय.

आपली नम्र,
एक बँक कर्मचारी, धायरी, पुणे