नुसते ‘दुखल्यास घ्यावी’ लिहू नका, वेळा लिहून द्या

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना रुग्णाच्या हातात जो कागद पडतो, त्यावर वेदनाशामक गोळीपुढे बहुतेक वेळा ‘दुखल्यास घ्यावी’ एवढेच लिहिलेले असते. मोडलेला जबडा प्लेट-स्क्रूने बसवलेला असो, पुढे आलेला किंवा मागे राहिलेला जबडा कापून जागेवर आणलेला असो, की हाडात रुतलेली अक्कलदाढ काढलेली असो, पहिल्या तीन-चार दिवसांसाठी ही सूचना अपुरी आहे. तिच्यामुळे टाळता येण्याजोग्या कळा रुग्ण सोसत राहतात. शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी या दिवसांसाठी औषधाच्या वेळा लिहून द्याव्यात आणि दिल्या नाहीत तर रुग्णांनी त्या मागून घ्याव्यात, यासाठी हे पत्र.

पोटात गेलेल्या गोळीचा गुण यायला अर्धा ते एक तास लागतो. कळ पूर्ण चढल्यावर गोळी घेतली, तर तेवढा वेळ रुग्ण दात आवळून पडून राहतो, गालाचे आणि मानेचे स्नायू ताठरतात, आणि एरवी पुरली असती ती मात्रा अपुरी वाटू लागते. मग आणखी एक गोळी घेतली जाते, आणि दिवसभरात किती झाल्या याचा हिशेब सुटतो. पहिली मात्रा तर बधिरता उतरण्याआधीच पोटात गेली पाहिजे. लिग्नोकेन या जागा बधिर करणाऱ्या इंजेक्शनची बधिरता साधारण दोन ते चार तासांत ओसरते. ब्युपिव्हाकेन दिले असेल तर ती त्याहून बरीच जास्त टिकते. कोणते इंजेक्शन दिले, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

मात्रेविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. वजन ५० किलोंहून जास्त आणि यकृत निरोगी असलेल्या प्रौढासाठी पॅरासिटामॉल दर सहा तासांनी १ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. चोवीस तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे आणि अनेक डॉक्टर घरी ३ ग्रॅमच्या पुढे जाऊ देत नाहीत. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा नियमित मद्यपान असेल तर मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. जोडीला, चालत असेल त्याला, आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी, काहीतरी खाल्ल्या-प्यायल्यावर. ही दोन औषधे वेगवेगळ्या मार्गांनी काम करतात, म्हणून एकाचीच मात्रा वाढवण्यापेक्षा जोडीने दिलेली जास्त उपयोगी पडतात. एकाच वेळी घेतली तरी चालतात. तीन-तीन तासांनी आलटूनपालटून घेतलीच पाहिजेत असे काही नाही. आयब्युप्रोफेन ४०० वरून ८०० वर नेल्याने वेदना फारशी अधिक कमी होत नाही, पोटाला आणि मूत्रपिंडाला असलेला धोका मात्र वाढतो.

कागदावर हे असे उतरावे: पॅरासिटामॉल सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६, रात्री १२, आयब्युप्रोफेन सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. रात्रीची वेळ चुकवू नये. पहाटे कळेने जाग येते ती बऱ्याचदा रात्रीची मात्रा राहून गेल्यामुळेच. पहिले दोन-तीन दिवस रात्री बारासाठी गजर लावावा. वेदना उतरू लागली की औषधे कमी करण्याचाही क्रम असतो: ट्रामाडॉलसारखे तीव्र औषध असेल तर ते आधी बंद, मग आयब्युप्रोफेन, शेवटी पॅरासिटामॉल.

दोन धोके वारंवार दिसतात. पहिला, नकळत दुप्पट होणाऱ्या पॅरासिटामॉलचा. एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ट्रामाडॉल यांच्या अनेक जोडगोळ्यांत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच असते, सर्दीच्या गोळ्यांतही असते. प्रत्येक पट्टीवरचे घटक वाचून बेरीज करावी. दुसरा धोका आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, किटोरोलॅक या गटाचा. पोटात व्रण झालेला असेल, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, ॲस्पिरिनने दमा उसळत असेल किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही घेऊ नये. या गटातली दोन औषधे एकत्र तर कधीच नकोत. तोंड दुखते म्हणून रुग्ण पाणीच पीत नाही, लघवी कमी आणि गडद होते, आणि त्यातच या गोळ्या चालू राहतात. मूत्रपिंडाला इजा होते ती अशी.

वरचे आणि खालचे दात तारेने किंवा इलॅस्टिकने बांधलेले असतील तर गोळी गिळता येत नाही, हे लिहून देतानाच लक्षात घ्यावे. पॅरासिटामॉलचे सिरप ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचे असेल तर १ ग्रॅमसाठी २० मिलिलिटर लागते, १२५ मिलिग्रॅमचे असेल तर ४०. ‘दोन चमचे’ या सूचनेला म्हणूनच अर्थ नाही. बाटलीवरचा आकडा पाहून मापाच्या कपाने किंवा सिरिंजने मोजावे. साधी गोळी कुटून पाण्यात देता येते. मात्र आतड्यात विरघळण्यासाठी लेप दिलेली किंवा हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की सगळे औषध एकदम उतरते किंवा पोट बिघडते. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम बरेच असते, रक्तदाबाच्या रुग्णांनी ते ध्यानात घ्यावे. औषधानंतर सिरिंजने पाणी मारून तारा धुवाव्यात, कारण सिरपमधली साखर तिथेच चिकटून राहते.

ट्रामाडॉल वरच्या दोन औषधांना दाद न देणाऱ्या वेदनेसाठी आहे, तेही मोजके दिवस. त्याने मळमळ, गुंगी आणि बद्धकोष्ठता होते. मद्य किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर ते घेतल्यास श्वास मंदावू शकतो, आणि नाक सुजून चोंदलेले असताना हा धोका विशेष. जबडा बांधलेला असताना उलटी झाली तर लगेच उठून बसावे आणि पुढे वाकावे. पोटात द्रवच असल्याने उलटी दातांच्या फटींतून आणि गालाच्या बाजूने बाहेर येते. पाठीवर झोपून राहणे हेच खरे धोक्याचे. तार असेल तर तार कापायचा पक्कड, इलॅस्टिक असेल तर छोटी कात्री उशाशी ठेवावी, आणि नेमके कुठे कापायचे हे घरच्यांना रुग्णालयातच दाखवून द्यावे. ही पाच मिनिटे कुणीही वाचवू नयेत.

औषधाइतकेच काम बर्फ आणि उशी करतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी चेहरा आदल्या दिवसापेक्षा मोठा दिसला म्हणून घाबरू नये. पहिले २४ ते ४८ तास जागेपणी २० मिनिटे बर्फ, २० मिनिटे विश्रांती, आणि त्वचेवर नेहमी कापडाची घडी. गाल बधिर असतो, त्यामुळे बर्फाने कातडी भाजली तरी रुग्णाला कळत नाही. त्यानंतर ओला, कोमट शेक. झोपताना डोके आणि पाठ साधारण ३० अंश वर ठेवावी. तोंड उघडण्याचे व्यायाम सर्जनने परवानगी दिल्यावरच, आणि औषध घेतल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने करावेत. दुखते म्हणून ते टाळले की स्नायू आखडतात, आणि मग ते अधिक दुखते. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवण्याचा उपाय कृपया कुणी करू नये. तिथली त्वचा भाजते. अँटिबायोटिक हे वेदनाशामक नाही, हेही सांगावे लागते.

खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस खालच्या जबड्याच्या हाडातूनच जाते. ती ताणली गेली की ओठ आठवडे-महिने बधिर राहू शकतो, आणि संवेदना परतताना मुंग्या येतात, बारीक झटके बसतात. बधिर ओठाला गरम पेयाचा चटका कळत नाही, म्हणून ते आधी दुसऱ्याने पाहून द्यावे. मात्र जळजळ, विजेसारखी चमक किंवा नुसत्या स्पर्शाने उठणारी वेदना पॅरासिटामॉलला सहसा दाद देत नाही. तिची औषधे वेगळी आहेत, गॅबापेंटिन, प्रीगाबालिन यांसारखी, आणि ती डॉक्टरांनी हळूहळू वाढवायची असतात. हे दुखणे ‘कमी होईल आपोआप’ म्हणून महिनोन् महिने झाकून ठेवू नये.

कागदावर आणखी एक ओळ हवी, आणि ती ठळक हवी. वेदना रोज थोडी उतरली पाहिजे. तीन-चार दिवसांनी ती पुन्हा चढू लागली, घाण चव किंवा पू आला, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, दात एकमेकांवर बसेनासे झाले, तर त्याच दिवशी दाखवावे. दाढ काढल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कानापर्यंत जाणारी कळ सुरू झाली, तर खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून गेलेली असू शकते. तिथे गोळ्या वाढवून भागत नाही, औषधी ड्रेसिंग लागते. श्वास घ्यायला किंवा थुंकी गिळायला त्रास, जिभेखाली किंवा मानेकडे पसरणारी टणक सूज, न थांबणारे रक्त, यांपैकी काहीही असेल तर सकाळची वाट न पाहता तातडीच्या विभागात जावे. आणि त्या ओळीखाली रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर असावा.

आपला,
एक भूलतज्ज्ञ