आसरा दिला, पण कोणी?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला 1971 च्या बांगलादेश युद्धाच्या विजय दिनाचा लेख वाचला. ढाक्यात शरणागतीच्या टेबलाशी कोण कुठे बसलं होतं इथपर्यंत बारीकसारीक सगळं आहे. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून आलेल्या एक कोटी निर्वासितांची बोळवण मात्र एका वाक्यात: भारताने त्यांना उदार अंतःकरणाने आसरा दिला.

दिला हो, पण तो काही दिल्लीतल्या कचेरीत दिला नाही. त्रिपुराची तेव्हाची वस्ती साडेपंधरा लाखांच्या आसपास आणि आलेले लोक जवळजवळ तेवढेच! शाळा बंद करून वर्गांत कुटुंबं ठेवली. तिथल्या मुलांच्या त्या वर्षाचं काय झालं, हे लेखकमहाशयांना विचारावंसं वाटलं नाही. पश्चिम बंगालातल्या बनगावच्या छावणीत पटकीने माणसं पटापट मरत होती, सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पाजायला लावलं, ते रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हातून. आज आपण नातवंडांना जुलाब झाले की ओआरएस देतो ते याच धर्तीचं, पण लेखात त्याचा उल्लेख नाही.

आता आमचा खारीचा वाटा. नोव्हेंबर 1971 पासून टपालावर 5 पैशांचं 'शरणार्थी सहायता' तिकीट जादा लावावं लागे. चिपळूणच्या मावशीच्या हे काही केल्या लक्षात राहत नसे. तिचं पाकीट आलं की पोस्टमन दारात उभा, 'नॉटपेड आहे', म्हणजे तिकीट कमी, पैसे आम्ही भरायचे. मजकूर काय, तर आंबोशी पाठवली ती पोचली का? आईने एकदा फडताळातल्या डब्यातून सुटे काढता काढता त्याला विचारलंच, "हे त्या लोकांना पोचतात, की तुमच्या साहेबांना?" तो म्हणाला, "वहिनी, माझ्या पगारात आले तर कळवतो." कुरकुरत का होईना, आई पैसे भरत राहिली. असे भरणारे देशभर होते, त्यांच्यासाठी अर्धी ओळ तरी खर्ची घालायची!

निर्वासित 1972 च्या पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक सगळे परत गेले. तिकीट मात्र 31 मार्च 1973 पर्यंत चालूच. त्या वरच्या वर्षाचा हिशेब आपल्या अभ्यासू लेखकांनी काढून दिला, तर आम्ही ऋणी राहू.

हे जुनं उगाळणं नव्हे. आज बांगलादेशच्या उखिया-टेकनाफकडे पाहा. म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांच्या छावण्या तिथे आधीपासून होत्या, 2017 मध्ये त्या प्रचंड वाढल्या आणि त्याच साली तिथल्या नाफ नदीत मासेमारीला बंदी आली, ती 2025 पर्यंत राहिली. परदेशी मदतीच्या बातम्या आपण छापता. इतकी वर्षं जाळी गुंडाळून बसलेल्या तिथल्या कोळ्यांची बातमी मी तरी आपल्याकडे वाचलेली नाही.

जाता जाता, वाचकांच्या पत्रांना दीडशे शब्दांची मर्यादा आणि नट्यांच्या लग्नाला पाऊण पान, हे धोरण कुणाचं? माझं मागचं पत्र आपण कापलंत, त्यात कर्ता वरच्या परिच्छेदात आणि क्रियापद गायब. हे छापायचं तर पूर्ण छापा, नाहीतर राहू द्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज