आई, इकडची काळजी करू नकोस

लीड्स, इंग्लंड,
२५ सप्टेंबर २०२५

ती. आई आणि बाबांना
सा. न. वि. वि.

घट बसले असतील. फोनवर आईचा आवाज भरून येतो आणि मग माझंही बोलायचं राहून जातं, म्हणून या वेळी सगळं लिहूनच पाठवते. बाबा, आईला वाचून दाखवा.

आधी तब्येत. मी छान आहे. आठवा महिना लागला, पायांवर सूज नाही, बीपी ठीक, लोहाच्या गोळ्या चालू. थंडी पडून राहिली आहे, पण घर गरम असतं.

आई, तू विचारलंस, "तुला कोणी पाहून राहिलं की नाही? डॉक्टर तर दिसतच नाही म्हणे." पाहतात गं. ज्या बाईला काही अडचण नाही तिला इथे मिडवाइफ, म्हणजे शिकलेली सुईणच तपासते, गरज पडली तरच डॉक्टर. याला दुर्लक्ष म्हणू नकोस. ती दर वेळी बीपी घेते, लघवीत पट्टी बुडवून प्रथिनं जातात का ते बघते, टेप लावून पोट मोजते आणि आकडा तक्त्यावर मांडते. मग पोटावर यंत्र टेकवलं की बाळाचे ठोके खोलीभर ऐकू येतात. परवा ती यंत्र उचलायला लागली तशी मी म्हटलं, थोडं अजून राहू द्या. राहू दिलं तिनं. ग्लुकोज पाजून साखरही तपासली. ती सगळ्यांची तपासत नाहीत. बाबांना साखर आहे आणि आपण भारतातले, म्हणून माझी केली. नॉर्मल आली.

लशींचं मात्र सविस्तर सांगते, कारण इथली रीत मला अजून नवलाची वाटते. आपल्याकडे मोठ्या माणसाला फ्लूची लस हवी असली की धंतोलीत डॉक्टरांकडे जायचं, पैसे द्यायचे आणि टोचून घ्यायचं. इथे आधी तुम्ही यादीत बसता का ते बघतात. वय किती, आजार कोणता, पोटात बाळ आहे का. बसत असाल तर क्लिनिक स्वतःच मेसेज पाठवून बोलावतं आणि एक पैसा घेत नाही. बसत नसाल तर नर्स गोड बोलून परत पाठवते. एका घरात राहून फ्लूची लस मला मिळाली आणि तुमच्या जावयांना नाही, कारण ते तरुण आणि धडधाकट. त्यांनी औषधाच्या दुकानात पैसे भरून घेतली. हो, इथे दुकानातला फार्मासिस्टच आतल्या छोट्या खोलीत बसवून इंजेक्शन देतो. कोविडची लस मलाही नाही. या हिवाळ्यात ती ७५ आणि त्यापुढच्यांना, वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांना. सुरुवातीला मला हे कोरडं वाटायचं. आता पटतं, कारण ज्याला आजार जास्त बाधेल त्याला विसरत नाहीत, त्याला शोधून बोलावतात.

"इतक्या सुया कशाला?" असं तू म्हणालीस. फ्लूची, डांग्या खोकल्याची आणि आरएसव्हीची, एवढ्याच. डांग्या खोकल्याची १६ आठवड्यांपासून देतात. आरएसव्हीची २८ आठवड्यांनंतर. तान्ह्या बाळांची छाती भरते ना, त्यामागे बरेचदा हाच विषाणू असतो. ही लस इथे २०२४ च्या सप्टेंबरपासूनच सुरू झाली. बाळाची स्वतःची टोचणी आठ आठवड्यांची झाल्यावर सुरू होते, तोवर त्याला जे बळ मिळायचं ते माझ्या रक्तातूनच. म्हणून घेतल्या. दंड थोडा दुखला, बाकी काही नाही.

बीसीजी आपल्याकडे जन्मल्याबरोबर देतात, इथे सरसकट नाही. आई-वडील किंवा आजी-आजोबा टीबी जास्त असलेल्या देशात जन्मले असतील तर बाळाला मिळते, तीही २८ दिवसांनंतर. मिडवाइफनं विचारलं, आजी-आजोबा कुठले? मी चौघांचीही गावं सांगितली, नागपूर, काटोल, वर्धा, उमरेड. तिला नुसता देश हवा होता, तरी तिनं सगळी ऐकून घेतली. मला फार बरं वाटलं.

बाबा, आता तुमचं. वय ७२, त्यात साखर. तुम्ही इथे असता तर फ्लू, न्यूमोनिया आणि नागीण, तिन्हींसाठी तुम्हाला बोलावणं आलं असतं. तिथे तसा मेसेज कोणी पाठवत नाही, म्हणून मी पाठवते आहे. छोटूला सोबत घेऊन डॉक्टरांना विचारा. "मला काही होत नाही" म्हणू नका. मी तिथे असते तर स्वतः घेऊन गेले असते. आणि सत्तरीच्या वरच्यांचं आयुष्मान कार्ड काढलं का? उत्पन्नाची अट नाही, आधार घेऊन जा.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं, मला कळतं गं आई. डोहाळजेवण इथल्या मैत्रिणींनी केलं, हिरवी साडी नेसले, फोटोत हसते आहे ते खरंच हसते आहे. पण छोटूचं लग्न माझ्यासाठी पुढे ढकलू नका. डिसेंबरातलीच तारीख धरा. करवली म्हणून मीच उभी राहायला हवी होते, तो मान आता मावशीच्या मुलीला द्या. सासूबाई नोव्हेंबरात येत आहेत, तेव्हा लग्नघर सोडून तू इकडे धावू नकोस. सगळं आटोपलं की जानेवारीत ये, मालिश तुझ्याच हातची हवी.

बाबांच्या खात्यात दीड लाख पाठवलेत, हॉल आणि केटररसाठी. एफडी मोडू नका. आमची ओढाताण होत नाही. व्हिसा काढतानाच आरोग्याचे पैसे भरलेत, त्यामुळे दवाखान्याचं बिल नाही, आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत माझी औषधं फुकट. होणाऱ्या वहिनीच्या घरच्यांकडून काही मागू नका, एवढं माझं ऐका. पैसे जमा झाले की बाबा, एक मेसेज करा.

तुमची,
ताई