शेकोटीला पंखा लागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या डिसेंबरात नातीच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता. पत्रिकेवर 'कॅम्पिंग थीम' छापलेलं. मी बावीस वर्षं शाळेत गाईड कॅप्टन होते, त्यामुळे नातीला दारात सोडून परत फिरायचं ते आत जाऊन बसले. वातानुकूलित हॉल, पांढरे त्रिकोणी तंबू, त्यांवर दिव्यांच्या माळा, आत मऊ गाद्या. मधोमध शेकोटी. शेकोटी म्हणजे एका पेटीत पंखा, खाली लाल दिवा आणि वर फडफडणारं केशरी कापड. एका पोराने त्या कापडाला बोट लावलं तर टी-शर्टवाला दादा धावत आला. तंबूच्या काठीलाही हात लावायचा नाही, डिपॉझिट आहे म्हणे. मुलं दोन तास गाद्यांवर बसून फोटो काढून घेत होती.

खाऊत धूर सोडणारी बिस्किटं होती. ती मात्र मी नातीच्या हातून काढून घेतली आणि त्याबद्दल घरी बोलणीही खाल्ली. तो धूर द्रवरूप नायट्रोजनचा असतो. त्याचं तापमान उणे 196 अंश सेल्सिअस. तो पुरता उडून जायच्या आत बिस्किट तोंडात गेलं तर जीभ, घसा, पोट भाजल्यासारखं होतं. 2024 च्या एप्रिलमध्ये कर्नाटकात दावणगेरेला असं बिस्किट खाऊन एक लहान मुलगा कळवळला, ते दृश्य देशभर फिरलं आणि तमिळनाडूच्या अन्नसुरक्षा खात्याने विक्रेत्यांना तंबी दिली. तरी आपल्याकडे ती बिस्किटं अजून बशीत येतात.

जानेवारीत आमच्या नातीला आठ पूर्ण झाली. तिलाही कॅम्पच हवा होता. मुलाने चौकशी केली, तंबूवाल्यांनी अठरा हजार सांगितले, खाणं वेगळं. मी म्हटलं, मला चार जुन्या साड्या, एक सुंभाचं बंडल आणि दुपारी तीनपासूनचा वेळ द्या.

स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिणेला ब्राउनसी बेटावर वीसेक मुलं नेली, तो स्काऊटिंगचा पहिला कॅम्प. त्यात श्रीमंतांच्या शाळेतली मुलंही होती आणि कामगारांचीही, आणि त्यांना एकाच पथकात घातलं होतं. आम्हीही शिबिरात मुलींची पथकं पाडायचो : एक पाण्याला, एक लाकडाला, एक चुलीवर, एक साफसफाईला, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. नातीच्या अकरा पाहुण्यांना मी तसंच वाटून टाकलं. नाकं मुरडली, पण पाच मिनिटंच. डॉक्टरी गाठ कशी मारायची ते दाखवल्यावर साडीचे दोन तंबू त्यांनीच उभे केले. एक तिरका झाला. तो तसाच ठेवला.

जागेचं मात्र अडलं. गच्चीवर जाळ करायला सेक्रेटरींनी नकार दिला. वॉटरप्रूफिंग, टाक्या, सौर पॅनेल. त्यांचं बरोबरच होतं, गच्चीवर जाळ करूही नये. इमारतीमागे एक मोकळा प्लॉट आहे. त्याच्या मालकांना फोन केला तर पहिला प्रश्न, "मावशी, नंतर मंडप कायमचा तर नाही ना ठोकणार?" नाही म्हटल्यावर हो म्हणाले.

मी मूळची पेणची. आमच्याकडे थंडीत पार्टी म्हणजे पोपटी. भाऊ सकाळच्या गाडीने दिवा स्टेशनला उतरला तो वालाच्या शेंगांचं पोतं आणि भांबुर्डा या वासाच्या रानपाल्याचा भारा घेऊन. डब्यातल्या लोकांनी वासावरूनच ओळखलं म्हणे, कुठे पोपटी आहे ते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावायचा. वालाच्या शेंगा खडे मीठ आणि ओवा लावून थरांनी भरायच्या, मधेमधे बटाटे, अंडी, आवडत असेल तर केळीच्या पानात बांधलेलं मसाल्याचं चिकन. पाण्याचा थेंब घालायचा नाही, शेंगा आपल्याच ओलाव्यात शिजतात. तोंडात पुन्हा पाला गच्च कोंबून मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती पेंढा, झावळ्या, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचा हबका मारायचा. पाणी चर्र करून लगेच उडालं की झालं. तो हबका कोणी मारायचा यावरून जी भांडणं झाली तेवढी भांडणं मी केकवरून कधी पाहिली नाहीत.

मडकी दोन केली, त्याचं कारण खालच्या मजल्यावरचा जैन मुलगा. तो अंडं खात नाही, बटाटा-रताळं खात नाही आणि सूर्यास्तानंतर काहीच खात नाही. अशा मुलाला 'तू चिप्स घे हं' म्हणून कोपऱ्यात बसवलेलं मी खूपदा पाहिलंय. त्याच्यासाठी पहिलं मडकं नुसत्या शेंगांचं आणि मक्याच्या कणसांचं. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सहा-वीसच्या सुमारास मावळतो, म्हणून ते पाचलाच पेटवलं. पावणेसहाला फोडलं आणि सगळ्यांनी आधी तेच खाल्लं. दुसरं मडकं भरणाऱ्या पथकाने पाला सैल कोंबला होता. पालथं घालताना अर्ध्या शेंगा मातीत आणि दोन अंडी भाऊच्या चपलेवर. हसून हसून मुलं आडवी झाली. शेंगा निवडून, झटकून पुन्हा भरल्या. थोडी माती पोटात गेली असेल.

सुनेने हौसेने मार्शमेलोचं पाकीट आणलं होतं, काडीला टोचून भाजायला. पाकीट उलटून पाहिलं तर मांसाहाराची तपकिरी खूण. बहुतेक मार्शमेलोत जिलेटिन असतं आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. बारा मुलांत पाच शाकाहारी, त्यांच्या आयांना न विचारता ते कसं द्यायचं? अमेरिकेतल्या गर्ल स्काऊट 1927 पासून तरी मार्शमेलो भाजून बिस्किटांत चॉकलेटबरोबर दाबून खातात, तो त्यांचा पदार्थ, त्यांना लखलाभ. आम्ही पिकली केळी सालासकट उभी चिरली, आत गूळ आणि खोबऱ्याचा कीस भरला आणि विझत्या निखाऱ्यांवर पाचेक मिनिटं ठेवली. साल काळं होतं, आत गूळ वितळून केळं शिऱ्यासारखं होतं. चमच्याने सालातूनच खायचं, बशी धुवायची भानगड नाही. जैन पोराचं केळं अर्थातच पहिल्या मडक्याच्या निखाऱ्यांवर, उजेडात. दोन मुलांनी तीन-तीन खाल्ली, त्यांच्या आयांनी दुसऱ्या दिवशी कृती विचारली.

'रिटर्न गिफ्ट'ऐवजी शिदोरी दिली. धुतलेल्या साडीच्या चौकोनात पेणची पोह्याची मिरगुंडं, नाचणीचा एक लाडू, तिळाची वडी, मूठभर बोरं आणि उसाचे करवे, आणि फडक्याची गाठ मुलांनीच मारायची. संक्रांत नुकतीच झालेली, घरात शेजारच्या बाळाच्या बोरन्हाणाचा खाऊ उरलेलाच होता, तोही त्यात गेला. शेंगदाण्याची चिक्की मुद्दाम घातली नाही, एका मुलीला दाण्याची ॲलर्जी आहे. असं आधी फोन करून विचारलेलं बरं.

केक बेकरीचा आणला, लपवत नाही. तंबूच्या आकाराचा मागितला होता, त्यांनी समोशासारखा दिला.

जाळाजवळ एकच मोठा माणूस उभा राहील असं ठरवलं होतं, तो माझा भाऊ. शेजारी दोन बादल्या वाळू, दोन बादल्या पाणी. रॉकेल अजिबात नाही. मुलांना सुती कपडे घालून पाठवा असा निरोप आदल्या दिवशी सगळ्यांना दिला, तरी एक झालरीच्या नायलॉन फ्रॉकमध्ये आलीच. तिला माझा जुना सुती पंचा गुंडाळला आणि पाण्याच्या पथकात टाकलं. जाताना राखेवर पाणी मारून, हात लावून थंड झाल्याची खात्री मुलांनीच केली.

खर्च तीन हजारांच्या आत झाला. पण मी हे पत्र लिहिते आहे ते पैशांसाठी नाही. आमच्यासारखा मोकळ्या प्लॉटच्या मालकाचा फोन नंबर असणारे किती? बाकीच्यांनी जायचं कुठे? डोंबिवलीसारख्या शहरात मुलांना खरी आग दिसते ती गॅसच्या शेगडीची, तीही निळी. महापालिकेने मोठ्या बागांपैकी दोन-तीन बागांत झाडांपासून दूर, विटांनी बांधलेला एक शेकोटीचा चौथरा करावा. डिसेंबर ते फेब्रुवारी एवढेच तीन महिने, संध्याकाळी सात वाजेपर्यंत, थोडी अनामत घेऊन. सोबत वाळूच्या बादल्या आणि एक रखवालदार. कचरा जाळायला सक्त मनाई. मोठ्या सोसायट्यांनाही आपल्या आवारात हे जमेल, त्यासाठी सेक्रेटरींना गच्ची उघडावी लागणार नाही. स्काऊट-गाईडच्या निवृत्त शिक्षिका आमच्या भागात बऱ्याच आहेत, शनिवारी-रविवारी देखरेखीला आम्ही येऊ.

वालाच्या शेंगा फेब्रुवारीनंतर निबर होतात, तेव्हा यंदाचं गेलं. पुढच्या थंडीसाठी ठरवायचं तर आत्ताच ठरवायला हवं. भांबुर्डा भाऊ आणील.

– एक निवृत्त गाईड कॅप्टन, डोंबिवली (पूर्व)